केकवरचा एकच काप

१

सोपाननं चादर ओढली ती थेट जादूगाराच्या ऐटीत, आणि रुखवत बघायला आलेल्या बायांच्या तोंडून एकदम निघालं, "अगं बाई गं!"

रुखवतात काय कमी होतं का? कुरडया-पापडांच्या परड्या होत्या, शेवयांचं घरटं होतं, सुपारीचे भटजी पंचांग उघडून बसले होते. पण त्या सगळ्यांच्या मधोमध पाटावर जे उभं होतं ते वेल्ह्यात आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पांढराशुभ्र तीनमजली केक. वरच्या मजल्यावर साखरेचे चिमुकले नवरा-नवरी. सोपान पुण्याला लष्कर भागात एका बेकरीत कामाला होता. धाकट्या बहिणीच्या, रतनच्या लग्नासाठी त्यानं तो स्वतःच्या हातानं केला होता आणि पत्र्याच्या डब्यांत घालून यष्टीनं आणला होता. सबंध वाटेत डबे त्यानं कुणाला शिवू दिले नव्हते.

"आता मागनं बघा," सोपान म्हणाला आणि त्यानं पाट गर्रकन फिरवला.

तळमजल्याच्या पांढऱ्या अंगावर वरपासून खालपर्यंत एक काप गेला होता. सरळ आणि खोल. आतला काळपट गाभा दिसत होता, आणि कापाच्या तोंडाशी लालसर डाग होता.

"रगात!" फुलाबाई किंचाळली. फुलाबाई म्हणजे नवरदेवाची चुलती.

गर्दीतून एक बाई पुढं आली, वाकली, डागाला बोट लावलं, बोटाचा वास घेतला. "वरडू नगंस. रगात न्हाई ह्ये."

ही बनाबाई. नवरदेवाची मावशी, पालीची. तिचे यजमान गेनबा पालीचे पोलीसपाटील. म्हणजे मान त्यांचा होता, पण गावात आजवर सापडलेले चोर बनाबाईनंच शोधून काढले होते. बाईच्या पायाला भिंगरी. सकाळपासून ती टेकली म्हणून नव्हती, आणि आता तर काही बसणं नव्हतंच.

"रगात नसंल तर मग काय हाय?" तिची थोरली बहीण बाळाबाई पुढं झाली. ही नवरदेवाची आई. आंबवड्याहून वऱ्हाड घेऊन आलेली, शब्दाला भारी. "माझ्या मानसिंगच्या आधी कुणीतरी तोंड लावलंय ह्याला. उष्टं खायाला आलोय का आमी हितं?"

"तोंड लावल्यालं न्हवं, जाऊबाई," फुलाबाईनं आवाज उतरवला. "लाल लावलंय, सुरी घातलीया, आन् वर जोडपं उभं. ह्याला काय म्हंत्यात ते काय म्या सांगू?"

सांगायची गरज नव्हती. करणी हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण सगळ्या बाया रुखवतापासून पाऊलभर मागं सरल्या.

बाळाबाई पांढरीफटक पडली होती. "बने, दिवस तोरण्याआड जायच्या आत मला कळलं पायजे, ह्ये कुणी केलं आन् का केलं. न्हाई कळलं, तर माझं पोरगं मुंडावळ्या सोडून आंबवड्याला माघारी जाईल. मुहूर्त गेला खड्ड्यात."

बनाबाईनं मागं पाहिलं. माजघराच्या दाराशी हळदीच्या अंगानं रतन उभी होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. करणी झाली म्हणून ज्या पोरीच्या मांडवातून वऱ्हाड परत गेलं, तिच्या दारात पुन्हा दुसरं वऱ्हाड येत नाही. एवढं कळण्याइतकी रतन मोठी होती.

२

बनाबाईनं सगळ्यांना बाहेर काढलं आणि सोपानला आत ठेवलं. पोरगा रडायच्या बेतात होता.

"मावशी, म्या काल सांजच्याला घरच्यांना नीट समजावून सांगितलं व्हतं. ह्यो कापायचा कसा, वाटायचा कसा..."

"मला बी सांग की. म्या तरी कुठं कापलाय कधी?"

सोपाननं नाक पुसलं. कामाचं बोलायचं म्हटल्यावर त्याचा आवाज जरा ठिकाणावर आला. "ह्यो वरचा साखरंचा थर भितीच्या गिलाव्यावानी कडक असतो. कोरडी सुरी लावली की तडकतो, ढलप्या उडत्यात. म्हणून सुरी कढत पान्यात बुडवायची, पुसायची, मग लावायची. आधी तळमजला. नवरा-नवरीनं मिळून कापायचा. मग म्या आत नेऊन दोन-दोन बोटांचं तुकडं करनार, कागदात बांधून पंगतीत वाटनार. वरचा मजला कापायचा न्हाई. त्यो पयल्या बारशापतुर ठिवायचा."

"बारशापतुर? इटंल की रं!"

"न्हाई इटत मावशी. साहेबलोकांची तशी रीत हाय."

"बरं. ह्ये ऐकायला कोन कोन व्हतं?"

"घरचीच. बा, रतन, अक्काबाईआत्या, तिचा ज्ञानू. बा म्हनला, दोन बोटं तुकडा कुनाच्या दाढंला पुरनार? रतन बारशाचं ऐकून पळाली. आत्यानं इचारलं, पयली सुरी कोन लावतं? म्या म्हनलं, नवरी. नवऱ्यानं वरनं निस्ता हात ठिवायचा. मग आत्या गप बसली. ज्ञानू तर बोलतच न्हाई कुनाशी हल्ली."

"आन् आज तू कुठं व्हतास?"

"जेवनं झाल्याव समदे गडी मारुतीच्या देवळाकडं गेलो, वऱ्हाडाला सामोरं. मला केक दावायची घाई, म्हणून म्या एकटा लवकर आलो. जाताना चांगला व्हता मावशी, आईच्यान."

बनाबाई केकभोवती फिरली. पुन्हा फिरली. कापाच्या कडा जणू रंध्यानं तासल्यासारख्या होत्या, एक ढलपी उडालेली नव्हती. शेजारी सोपानची लांब सुरी, मुठीला गुलाबी रिबिनीचं फूल. तिनं फूल चिमटीत धरलं. ओलं होतं.

एवढ्यात गेनबा पाटील हाश्शहुश्श करत आत आले. बातमी मारुतीच्या देवळापर्यंत पोचली होती. त्यांनी फेटा सावरून डाग पाहिला आणि लगेच निकाल दिला. "ह्या रिबिनीचा रंग लागलाय. कुनीतरी खादाड मानसाचं काम हाय. पंचनामा करू."

"अवो, रिबीन गुलाबी. मग डागाच्या कडंला ह्ये पिवळं कुठनं आलं? आन् खाल्ल्याला तुकडा कुठाय?"

"खाल्ला की!"

"कुठनं खाल्ला? तुमीच बगा." बनाबाईनं हातानं हवेत काप काढून दाखवला. "एका कापानं तुकडा निघतो व्हय? त्याला दोन काप लागत्यात. ह्यो एकच हाय. कुनी बी काय बी खाल्लं न्हाई."

पाटलांनी पाहिलं. खरंच, केक जिथल्या तिथं होता, कणभरही कमी नव्हता.

"मग त्यानं एकच काप दिऊन मिळवलं काय?"

"त्येच तर मला खातंय," बनाबाई म्हणाली. "जरा हात द्या बगू तुमचा." तिनं पाटलांच्या उजव्या हाताचा अंगठा धरला आणि डागाशी नेऊन टेकवला. कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून डाग फिसकटला होता, तरी त्याची मूळची रुंदी कळत होती. अंगठ्याएवढी, बरोबर.

"अगं, माझ्यावर संशय घेतीस काय?"

"गप ऱ्हावा वो," बनाबाई पुटपुटली. तिला काहीतरी आठवत होतं आणि नीट आठवत नव्हतं. असं झालं की तिला अगदी गोमाश्या चावल्यासारखं होई. ती तडक बाहेर निघाली.

३

मागच्या अंगणात स्वयंपाकाची एकच झुंबड होती. विळ्या मांडून बाया बसल्या होत्या, पण चिरायला काही नव्हतं. तांबड्या भोपळ्यांची रास तशीच पडली होती.

"एक बी गडी घरात न्हाई, मग भोपळं फोडायचं कुनी?" एक म्हातारी कावली होती. "त्या ज्ञानूला तरी हाका मारा."

"मारल्या. गोठ्यात तोंड लपवून बसलाय, येतच न्हाई."

बनाबाईनं ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं पुढं गेली. तिला फुलाबाई हवी होती. फुलाबाई जात्याशेजारी चार बायांना गोळा करून करणीच्या गोष्टी सांगत होती. बनाबाईनं तिला दंडाला धरून बाजूला घेतलं.

"तू दुपारी साड्यांची पेटी घिऊन सगळ्यांच्या आदी आलीस. खरं का न्हाई?"

"आले. मग? पेटी काय आपल्या पायानं येनार व्हती?"

"तुझी भाची मानसिंगला द्यायचं तुझ्या मनात व्हतं. त्ये बी खरं का न्हाई?"

फुलाबाईचा चेहरा लाल झाला. "व्हतं! म्हणून काय म्या करणी करीन? माझ्याच पुतन्यावर? जीभ झडंल तुजी!"

"बरं बरं. ह्यो केक सुरीनं कापायचा तर कसा कापायचा, ठावं हाय का तुला?"

"सुरी ती सुरी. लावायची आन् दाबायची. त्यात काय शिकायचंय?"

बनाबाईनं मान डोलावली. कोरडी सुरी दाबणारीचं हे काम नव्हतं. "तू आलीस तवा रुखवताच्या खोलीत डोकावलीस?"

"डोकवून देती तर! ती अक्काबाई उंबऱ्यात बसलेली, मांजरीवानी. म्हनली, सोपान आल्याबिगर दावायचं न्हाई. बरं, बायांना हळदीकुकू लावायला करंडा मागितला, तर तिनं हात सुदिक लावला न्हाई, पदराच्या टोकानं पुढं सरकवला. तशी ती इधवा हाय, कुकवाला हात लावत न्हाई, त्ये बी हायच म्हना." फुलाबाई जवळ सरकली. "पर बनाबाई, तुला ठावं न्हाई वाटतं? अक्काबाई म्हंजी रतनच्या बाची, साहेबरावाची, सख्खी भन. मामाची पोरगी म्हणून रतन तिच्या ज्ञानूला द्यायची, ह्ये लहानपनापास्नं ठरल्यालं. फौजेतला जावई दिसला आन् साहेबरावानं शब्द फिरवला. आता बोल!"

तोरण्याची सावली मंडपाकडं सरकत होती. बनाबाई गोठ्याकडे चालू लागली.

४

ज्ञानू गव्हाणीवर बसला होता. थोराड हाताचा, दिसायला गरीब पोरगा. तिला पाहून तो उठलाही नाही.

"म्याच कापला," तो म्हणाला.

बनाबाईनं अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

"काय कापलास?"

"त्यो केक. समदी म्हंत्यात ना कुनी कापला? म्या कापला. राग आला मला. रतन माझी व्हती, दुसऱ्याला दिली. बस."

मागून आलेल्या पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "कबूल झाला! चल रं मांडवात, पंचांम्होरं सांग."

"थांबा," बनाबाई म्हणाली. ती पोराच्या समोर खाली वाकली. "ज्ञानू, राग आला म्हणतोस. मग लाथ घालून खाली का न्हाई पाडलास? तीन मजलं हुतं, एका लाथंत भुईसपाट झालं असतं."

ज्ञानू गव्हाणीतली काडी मोडू लागला.

"राग आल्याला मानूस चुलीवर आधण ठिवतो, पानी कढायची वाट बगतो, त्यात सुरी बुडवतो, ती पुसतो, आन् मग अल्लाद कापतो व्हय रं? आन् कापून झाल्याव त्येच अंग भितीकडं करून वर चादर घालतो? मला तर राग आला की हातात असंल त्ये फेकून मारती म्या. इचार ह्यांना."

"खरं हाय," पाटील मनापासून म्हणाले.

"हात दाव."

ज्ञानूनं हात पाठीमागं नेला. बनाबाईनं तो ओढून पुढं आणला. उजव्या अंगठ्याच्या नखात हळद अडकली होती आणि पेराच्या रेघांत कुंकू.

"मला काय बी करा," ज्ञानूचा आवाज फाटला. "मारा, पोलिसांत द्या. पर आईचं नाव मदी आनू नका."

"म्या कुठं आनलं तुज्या आईचं नाव?" बनाबाई हळूच म्हणाली.

चूक त्याच्या ध्यानात आली होती. त्यानंतर त्यानं एक शब्द काढला नाही, आणि पाटलांनी किती डोळे वटारले तरी उपयोग झाला नाही.

पोराचा हात बनाबाईला सापडला होता, कारण सापडलं नव्हतं. आणि कारणाशिवाय हे नाव मंडपात गेलं असतं तर एकच अर्थ निघाला असता: नाकारलेला पोरगा, त्याची विधवा आई, हळदीकुंकू आणि सुरी. फुलाबाईला तर मिठाई वाटावीशी वाटली असती.

५

"अवो पाटील!" अंगणातून त्या कावलेल्या म्हातारीनं हाक मारली. "पोलीसपाटील असला तरी गडी मानूस हायसा न्हवं? तेवढं भोपळं फोडून द्या. पंगतीला भाजी न्हाई मिळायची कुनाला."

पाटील कुरकुरत गेले. सरकारी माणसाला भोपळे फोडायला लावणं म्हणजे काय! पण नाही म्हणायची सोय नव्हती. म्हातारीनं करंडा पुढं केला. पाटलांनी अंगठा हळदीत बुडवला, भोपळ्यावर ओढला. कुंकवात बुडवला, त्यावर ओढला. मग कोयता घेतला आणि भोपळ्यात एक काप दिला.

एकच. फक्त एकच काप देऊन त्यांनी तो भोपळा बायांकडे ढकलला आणि दुसरा ओढला. पुढं बायांनी विळीवर फोडी केल्या.

बनाबाई जिथं होती तिथं थबकली. सकाळपासून पहिल्यांदा तिचे पाय थांबले होते.

आयुष्यभर पाहिलेली गोष्ट! तिच्या आईच्या घरी, सासरी, हरेक लग्नात. अख्खा भोपळा, अख्खा कोहळा बाईनं फोडायचा नाही. त्याचं पाप तिच्या पोटच्या पोरावर येतं म्हणतात. आधी गड्यानं हळदीकुंकू लावून पहिला काप द्यायचा, मग बाईनं खुशाल चिरावं. एवढी ओळखीची गोष्ट होती म्हणूनच ती दिसली नव्हती.

ती अक्काबाईला शोधत माजघराच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गेली. लुगड्याच्या पदरानं तोंड झाकून म्हातारी कणगीला टेकली होती.

"आक्का," बनाबाई तिच्यापुढं उकिडवी बसली. "त्या केकचा भोपळा केलासा न्हवं तुमी?"

अक्काबाई रडू लागली, आवाज न करता.

"पांढरं, गोल, अख्खं," ती म्हणाली. "कोहळ्यावानी. आन् सोपान म्हंतो पयली सुरी नवरी लावनार. लगनाच्या दिवशी! माझ्या कोवळ्या पोरीनं! वर आनी बारशाचं बोलतोय, त्याच्या त्याला कळंना. रात सारी डोळा लागला न्हाई बाई मला. साहेबरावाला सांगितलं असतं तर त्यो हसला असता. म्हणून गडी समदे मारुतीकडं गेल्याव ज्ञानूला म्हनलं, तू गडी हायस, निस्ती सुरी टेकव. सोपान म्हनला व्हता तशी पान्यात बुडवून टेकव, तडा जाता कामा न्हाई. पर त्यो लाकडं फोडनारा हात! वरनं लई कडक लागलं म्हणून जोर दिला, आन् आत लोन्यावानी मऊ. पार तळापतुर गेली."

"कुकू त्यानंच लावलं?"

"म्या कशी लावू?" अक्काबाईनं आपल्या मोकळ्या कपाळाकडं हात नेला आणि मध्येच खाली घेतला. "त्यालाच लावाय सांगितलं. पुसाय बी त्यालाच सांगितलं. त्ये न्हाई निघालं."

"मग मगाशीच का न्हाई बोललासा?"

"कोन ऐकंल माझं?" म्हातारीनं पहिल्यांदा सरळ तिच्याकडं पाहिलं. "माझ्या पोराला ती दिली न्हाई. माझं कपाळ ह्ये असं. म्या म्हनलं, पोरीच्या भल्यासाठी केलं, तर तू तरी मानशील का? वऱ्हाडातल्या बायांच्या तोंडून करणी आलं आन् माझी वाचाच बसली. ज्ञानू म्हनला, म्या माझ्या अंगावर घेतो. आता माझ्यापायी त्या पोरीचं लगीन मोडतंय गं."

बाहेर सनई एकाएकी थांबली. पाठोपाठ बाळाबाईचा आवाज आला. "गाड्या जुपाय सांगा!"

६

बनाबाई धावली. वाटेत तिनं अंगणातला एक अख्खा भोपळा उचलून कडेवर घेतला, दुसऱ्या हातात कोयता. ती अशी मंडपात शिरली तेव्हा वाजंत्री, वऱ्हाडी, वरमाई सगळे बघत राहिले. दिवस तोरण्याच्या खांद्याला टेकला होता. मुंडावळ्या बांधलेला मानसिंग बाजूला उभा होता; चीनच्या लढाईनंतर फौजेत गेलेला धिप्पाड गडी, पण आईपुढं त्याचं काही चालत नव्हतं. साहेबराव हात जोडून उभे होते.

बनाबाईनं भोपळा बहिणीपुढं ठेवला आणि कोयता तिच्या हातात दिला.

"ताई, काप ह्यो."

"आँ?"

"काप म्हंती म्या. पंगतीला भाजी कमी पडतीया."

बाळाबाईनं कोयता विंचवासारखा टाकला. "बने, येड लागलं का तुला? लगीनघरात अख्खा भोपळा म्या कापू? पोटच्या पोराच्या लगनात?"

"का गं? काय हुतंय कापल्यावर?"

"त्ये काय इचारायचं? पोराबाळांवर येतं. आदी गड्यानं हळदीकुकू लावून एक काप द्यायचा, मग बाईनं..."

तिचं वाक्य तिथंच राहिलं. तिनं रुखवताच्या खोलीकडं पाहिलं. मंडपातल्या सगळ्या बायांनी पाहिलं.

"आता मोजत ऱ्हा," बनाबाई म्हणाली. "काप किती? एक. तुकडा खाल्ला का? न्हाई. साखरंला तडा न्हाई, म्हंजी सुरी पान्यात तापवून लावली. वाईट करायचं तर एवढी काळजी कोन घेतं? हळदीकुकू लावलं त्ये अंगठ्यानं. बाई असती तर बोटानं लावलं असतं, टिकलीएवढं. म्हंजी लावनारा गडी. गडी समदे मारुतीपाशी, घरात एकच व्हता. ज्ञानू. पर भोपळ्याची रीत काय ज्ञानूच्या डोक्यातली न्हवं. ती बाईच्या डोक्यातली. मग करंडा जवळ असून त्या बाईनं आपून का लावलं न्हाई? ती कुकवाला हात लावत न्हाई म्हणून."

अक्काबाई माजघराच्या दाराला धरून उभी होती. ती एक पाऊल पुढं आली. तिच्यामागं ज्ञानू होता, आईपुढं व्हायला निघालेला. तिनं त्याला हातानं अडवलं.

"म्या सांगितलं त्याला," अक्काबाई म्हणाली. "माझ्या भाचीच्या पोटाला धक्का लागू नये म्हणून सांगितलं. बाकी तुमी काय म्हनाल त्ये म्हना."

फुलाबाईनं तोंड उघडलं. "पर हिचाच पोरगा..."

"तू गप बस, फुले," बाळाबाई म्हणाली. ती चालत अक्काबाईपर्यंत गेली. मग बाळाबाईचा आवाज आला, खरखरीत, रागावल्यासारखा. "आवो, आदी सांगायचं न्हाई व्हय? म्या सोता गडी धाडला असता सुरी लावायला. मला कुठं ठावं व्हतं, ह्येला पयली सुरी नवरी लावती म्हणून! साहेबलोकांच्या रीती, आग लागो त्यांना." तिनं डोळ्यांना पदर लावला आणि मागं वळून ओरडली, "काय बगताय? सनई वाजवा की! दिवस बुडतोय!"

गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या.

मग केक मंडपात आला. सोपाननं कढत पाण्याची तपेली ठेवली, सुरी बुडवली, पुसली आणि पाट फिरवून कोरी बाजू पुढं केली. "हिकडनं कापा. हिकडची चांगली हाय."

रतननं पाट पुन्हा उलटा फिरवला. तो काप, तो फिसकटलेला डाग सगळ्यांच्या समोर आला.

"हितंच," ती म्हणाली.

मानसिंगनं तिच्या हातावर हात ठेवला. दोघांनी त्या कापाच्या शेजारी दोन बोटांवर दुसरा काप दिला, आणि तुकडा सुटून अलगद सुरीवर आला. रतननं तो उचलला. सगळ्यांना वाटलं नवऱ्याच्या तोंडात घालील. ती उठून मंडपाच्या कडेला गेली, जिथं अक्काबाई बायांच्या मागं बसली होती, आणि तिथं वाकून तिनं आत्याला पहिला घास भरवला.

"कसा हाय गं आत्या?"

"भोपळ्यापरास बरा हाय," अक्काबाई म्हणाली, आणि तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

पंगतीत केक वाटायला ज्ञानूच उभा राहिला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. ताट घेऊन तो रांगेनं फिरत होता, कागदात बांधलेला एकेक तुकडा हातावर ठेवत होता. "एवढासाच?" म्हातारे कुरकुरत, आणि तो म्हणे, "एवढाच असतो बाबा, रीत हाय." बनाबाई अखेर एका पोत्यावर टेकली होती. तिच्या जागेवरून तिला सगळं ताट दिसत होतं. ते भरलेलं दिसलं, अर्धं दिसलं, रिकामं दिसलं; शेवटचा तुकडाही दुसऱ्याच्याच हातावर गेला.

निघायच्या वेळी रतन ज्ञानूपाशी थांबली. बैलगाडी जुंपलेली होती, मागं बाया डोळे पुसत होत्या.

"ज्ञानू, तू खाल्लास का रं?"

"व्हय," ज्ञानू म्हणाला. "लई ग्वाड हाय."

सगळा दिवस लोकांचं खोटं पकडत फिरलेल्या बनाबाईनं ते ऐकलं, आणि काही न बोलता ती गाडीत चढून बसली.